पॅरिसचा पादचारी

बसस्थानकापासून आमचे महाविद्यालय पायी पंचवीस मिनिटांच्या अंतरावर आहे. प्रथम वर्षाला प्रवेश घेतल्यापासून हे अंतर मी रोज दोनदा कापीत आले. वाटेत पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी एक दुमजली लाकडी वाडा होता. सकाळच्या वेळी त्याच्या ओट्यावर एक आजोबा वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. दीड वर्षे मी त्या वाड्यावरून गेले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आले, तर वाड्याच्या जागी निळे पत्रे उभे होते आणि पत्र्यांच्या फटीतून आत नुसते आकाश दिसत होते.

वाडा पडल्याचे मला त्या दिवशी दुःख झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. जुने वाडे पडतात, नव्या इमारती उभ्या राहतात, आणि त्या वाड्यात राहणाऱ्यांना गळणाऱ्या कौलांचा किती त्रास होता हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. मला वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. तासाला बसल्या बसल्या मी तो वाडा आठवू लागले, तर काहीच आठवेना. दार हिरवे होते की तपकिरी? तुळयांच्या टोकांना पोपट कोरलेले होते की केळफुले? वरच्या मजल्याला सज्जा होता का? मोबाइल उघडून पाहिला. त्या रस्त्यावर मी काढलेली शंभरावर छायाचित्रे निघाली आणि सगळी आमचीच. कुणाचा वाढदिवस, कुणाची नवी ओढणी, पावसात भिजलेला घोळका. त्यातल्या एकात मैत्रिणीच्या खांद्यामागे वाड्याचे अर्धे दार आले होते. दीड वर्षाच्या येण्याजाण्यातून माझ्या हाती लागले ते एवढेच.

हे मी आमच्या इतिहासाच्या सरांना सहज बोलून दाखविले. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथालयातून एक जाडजूड चित्रग्रंथ काढून माझ्या हाती दिला. त्यात जुन्या पॅरिसची छायाचित्रे होती. रिकाम्या गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, जिन्यांचे कठडे, दारांवरच्या कड्या. पहिल्या दिवशी मी पाने भराभर उलटली आणि पुस्तक मिटले. ज्यात काहीच घडत नाही अशी चित्रे घेऊन काय करायचे, हे मला कळेना. पण पुस्तक महिनाभर माझ्याकडे राहिले, आणि त्या महिन्यात ती चित्रे काढणाऱ्या माणसाचे आयुष्य मी मिळेल तिथून वाचून काढले. त्याचे नाव यूजेन अत्जे. रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की जगभर त्याचे नाव आदराने घेतले जाते. तो स्वतःला मात्र कलावंत म्हणवून घेत नसे.

अत्जेचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लिबूर्न या गावी झाला. वडील घोडागाड्या बनविणारे कारागीर. यूजेन पाच वर्षांचा असताना वडील गेले आणि पाठोपाठ आईही गेली. पोरक्या मुलाला आईच्या आईवडिलांनी बोर्दो शहरात वाढविले. शिक्षण संपल्यावर तो जहाजावर नोकरीला लागला आणि काही काळ समुद्रावर भटकला. पण मनात नाटक होते. १८७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि तिथल्या विख्यात नाट्यशाळेच्या प्रवेश परीक्षेला बसला. नापास झाला. पुढल्या वर्षी पुन्हा बसला आणि प्रवेश मिळाला. परंतु त्याच सुमारास सक्तीची लष्करी सेवा नशिबी आली. अर्धा वेळ पलटणीत आणि अर्धा वेळ रंगशाळेत अशी ओढाताण झाली. अभ्यास पुरा होईना. १८८१ मध्ये त्याला नाट्यशाळा सोडावी लागली.

मग फिरत्या नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडणे आले. मोठ्या भूमिका त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. या दिवसांची एक कमाई मात्र आयुष्यभर पुरली. १८८६ च्या सुमारास वालांतीन ही नटी त्याला भेटली. ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती, तिला एक मुलगाही होता. पुढची चाळीस वर्षे ती त्याची सहचारिणी राहिली. पण १८८७ मध्ये घशाचा विकार झाला, स्वरयंत्र बिघडले, आणि तिशीतच त्याचे नटाचे आयुष्य संपले.

या ठिकाणी मी पुस्तक खाली ठेवले होते. आपल्यापैकी पुष्कळांना कला शाखेत येण्यापूर्वी दुसरीकडे कुठे तरी प्रवेश नाकारला गेलेला असतो. म्हणून असेल, पण आईबाप नाहीत, शिक्षण अर्धवट, आवाज गेलेला, हाती धंदा नाही, असा तिशीचा माणूस मला फार जवळचा वाटला. त्याने थोडे दिवस चित्रकला करून पाहिली. तीही जमली नाही. तेव्हा त्याने कॅमेरा घेतला. त्यामागे कलेची ओढ नव्हती, पोटाचा प्रश्न होता. १८९० मध्ये तो पॅरिसला परतला. १८९२ मध्ये एका कलाविषयक नियतकालिकात त्याची जाहिरात आली. चित्रकारांना उपयोगी पडतील अशी झाडे, प्राणी, फुले, देखावे, इमारती यांची छायाचित्रे मिळतील, अशा अर्थाची. एखाद्या चित्रकाराला आपल्या चित्राच्या कोपऱ्यात वेल हवी असे, बैलगाडीचे चाक हवे असे. तो अत्जेकडून छायाचित्र घेई आणि त्यावरून रंगवी. घराच्या दारावर पाटी होती, कलावंतांसाठी दस्तऐवज. दस्तऐवज हा शब्द त्याने मरेपर्यंत सोडला नाही.

आता त्या वेळचे पॅरिस कसे होते ते थोडे सांगितले पाहिजे. १८५३ ते १८७० या काळात ओसमान नावाच्या प्रशासकाने शहराचा कायापालट केला होता. अरुंद गल्ल्यांमधून रुंद, सरळ रस्ते आरपार काढले गेले आणि हजारो जुनी घरे पाडली गेली. शहराला हवा, उजेड, गटारे आणि पाणी मिळाले. त्याचबरोबर मध्ययुगापासूनचे एक गाव नाहीसे होत गेले. पाडापाडी पुढेही चालूच राहिली. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला, १९०० मध्ये भुयारी रेल्वे धावू लागली. नव्याचा डंका वाजत असताना जुन्याची हळहळ करणारे लोकही होते. १८९७ मध्ये जुन्या पॅरिसच्या जतनासाठी नगरपालिकेची एक समिती स्थापन झाली. ग्रंथालये आणि संग्रहालये जुन्या वास्तूंची चित्रे विकत घेऊ लागली. याच सुमारास अत्जेला आपली वाट सापडली. चित्रकारांसाठी फुलेपाने टिपता टिपता त्याने जुने पॅरिस टिपायला सुरुवात केली आणि पुढची तीस वर्षे तो त्याच कामात राहिला.

त्याची सामग्री ऐकली म्हणजे छाती दडपते. भात्याचा लाकडी कॅमेरा, १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या पट्ट्या, त्या ठेवायच्या चौकटी, तीन पायांचा लाकडी स्टँड आणि वर झाकायला काळे कापड. सगळे मिळून ओझे अठरा-वीस किलोंच्या घरात जाई. १८९९ पासून तो मोंपार्नास भागातल्या काम्पान्य-प्रमिएर या रस्त्यावर वरच्या मजल्यावर राहत होता. पहाटे हे बिऱ्हाड पाठीवर घेऊन जिना उतरायचा, शहरभर पायपीट करायची, आणि परत सगळे घेऊन जिना चढायचा. काचा जड आणि महाग. एका फेरीत मोजक्याच नेता येणार. आपण बोटाने टिचकी मारतो तसे त्याला चालणारे नव्हते. एक काच म्हणजे एक निर्णय. आधी चालायचे, बघायचे, थांबायचे, पुन्हा दोन पावले मागे जायचे आणि मग ओझे उतरवायचे.

पहाटेची वेळ त्याला सोयीची होती. रस्ते मोकळे असत आणि उजेड तिरपा, मऊ असे. काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात कुणी समोरून गेले तर तो माणूस चित्रात धुरासारखा उमटे. अत्जेच्या चित्रांत अशी पुष्कळ भुते आहेत. घर स्पष्ट, दगड स्पष्ट, फरशीवरचा ओलावा स्पष्ट, आणि माणूस तेवढा पुसट. हे पाहताना मला पुन्हा पुन्हा आमच्या बोळातली मी आठवली. त्या वाड्याच्या दृष्टीने मीही अशीच एक पुसट आकृती असणार, दीड वर्षे रोज सकाळी दारासमोरून सरकणारी.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने १९३१ मध्ये या रिकाम्या रस्त्यांना गुन्हा घडून गेलेल्या जागेची उपमा दिली, आणि ती फार गाजली. ती चुकीची म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण मला त्या गल्ल्या पाहून आपल्याकडची पहाट आठवते. दारात सडा पडला आहे, रांगोळी अजून घातलेली नाही, घरचे कुणी तरी आता बाहेर येईल, अशी वेळ. त्या चित्रांतले रितेपण मला कुणी नसल्याचे वाटत नाही. कुणी तरी यायचे आहे, असे वाटते.

अत्जे नुसती घरेच टिपीत होता असे नाही. १८९७ पासूनच्या चारपाच वर्षांत त्याने रस्त्यावर पोट भरणाऱ्या माणसांची एक मालिका केली. टोपल्या विकणारे, छत्र्या विकणारे, चाकूसुऱ्यांना धार लावणारे, चिंध्या वेचणारे. मोठ्या दुकानांनी यांचे धंदे बसविले होते. त्यातले एक चित्र तर विसरता येत नाही. पेटीवाद्य फिरविणारा एक दाढीवाला म्हातारा आहे, आणि त्याच्या शेजारी एक ठेंगणी गाणारी बाई. तिने चेहरा वर उचलला आहे आणि ती इतकी मोकळी हसते आहे की चित्रातून आवाज ऐकू यावा. ज्याचा स्वतःचा आवाज गेला त्याने ते चित्र काढले, हे कळल्यावर मी ते पान बराच वेळ उघडे ठेवले.

पुढे तो शहराच्या कडेला गेला. पॅरिसभोवती एक लष्करी तट होता आणि तटाबाहेर बांधकामाला मनाई असलेला मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात चिंध्या वेचणाऱ्यांच्या झोपड्या होत्या. १९१२-१३ च्या सुमारास अत्जे ओझे घेऊन तिथवर चालत गेला आणि ती माणसे, त्यांच्या गाड्या, त्यांच्या दारातले भंगार त्याने त्याच काळजीने टिपले, ज्या काळजीने तो सरदारांच्या हवेल्यांचे जिने टिपीत असे. शहरातून वाहणारी बिएव्र नावाची एक लहान नदी होती. कातडी कमावणाऱ्यांनी तिचे पाणी नासविले होते. १९१२ मध्ये पॅरिसमधला तिचा उरलेला प्रवाहही बुजवून टाकण्यात आला. आज ती रस्त्यांखाली आहे. अत्जेच्या काचांवर तिचे काठ, तिच्यावर झुकलेली घरे शाबूत आहेत. पॅरिसच्या वैभवाची प्रसिद्ध ठिकाणे मात्र त्याने सहसा टाळली. आयफेल टॉवरकडे तर त्याने जवळजवळ पाठच फिरविली. ज्याच्याकडे सारे पाहत आहेत त्याच्याकडे आपण पाहिले नाही तरी चालेल, असा त्याचा हिशेब असावा.

आणि तो एकाच जागी पुन्हा पुन्हा जात असे. पँथियनजवळच्या चढावरच्या गल्ल्या त्याने विसाव्या शतकाच्या आधी टिपल्या आणि १९२५ मध्येही टिपल्या. सें-क्लूच्या उद्यानात तो १९०४ पासून जवळजवळ अखेरपर्यंत जात राहिला. तेच तळे, तीच झाडे, तेच पुतळे, पण ऋतू वेगळा, प्रहर वेगळा. देवळाला प्रदक्षिणा घालणारा माणूस काही नवीन पाहायला जात नाही. तीच वाट, तोच दगड. फेऱ्या मोजता मोजता मन जागेवर येते. अत्जे धार्मिक होता असे मला सुचवायचे नाही. तो डाव्या विचारांचा होता, कामगारांसाठी चालविल्या जाणाऱ्या वर्गांत नाटकावर व्याख्याने देई. त्याचे चालणे हे ग्राहकाला माल पुरविण्यासाठी होते. पण तीस वर्षे रोज पहाटे उठून, ओझे घेऊन, मुकाट्याने चालणे आणि समोर जे असेल ते नीट पाहणे, याला ध्यान म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? आपण ध्यान म्हटले की डोळे मिटतो. त्याचे ध्यान उघड्या डोळ्यांचे होते आणि त्यात पोटाचा विचारही होता. मला हा प्रकार अधिक प्रामाणिक वाटतो.

स्वतःला तो चित्रात येऊ देत नसे. तरी काही ठिकाणी तो सापडतो. १९०८ मधले एका कॅफेच्या दाराचे चित्र आहे. काचेआडून आतला माणूस कुतूहलाने बाहेर पाहतो आहे, आणि त्याच काचेत अत्जेचा आणि त्याच्या कॅमेऱ्याचा पडछाया उमटला आहे. आणखी एक गंमत आहे. १९१० मध्ये त्याने पॅरिसमधल्या निरनिराळ्या थरांतल्या लोकांच्या घरांचा एक चित्रसंग्रह केला. त्यात एका नटाचे म्हणून दाखविलेले घर त्याचे स्वतःचेच होते, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. त्याने नावही बदलले आणि रस्ताही बदलला. रंगभूमीने ज्याला नाकारले त्याने तेवढ्यापुरती एक भूमिका मिळविली. याच सुमारास पॅरिसमधल्या वाहनांचाही एक संग्रह त्याने केला. घोडागाड्या करणाऱ्या वडिलांची आठवण त्यात किती होती, ते तोच जाणे.

१७ एप्रिल १९१२ रोजी सूर्यग्रहण होते. बास्तीय चौकात लोक जमले होते आणि काळ्या काचा डोळ्यांना लावून आकाशाकडे पाहत होते. अत्जेने ग्रहण टिपले नाही. त्याने कॅमेरा लोकांकडे वळविला. सारे एकाच दिशेला माना वर करून उभे, आणि ते काय पाहत आहेत हे चित्रात कुठेच नाही. चौदा वर्षांनी, १९२६ मध्ये, हे चित्र अतिवास्तववादी मंडळींच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. मॅन रे हा अमेरिकन कलावंत अत्जेच्याच रस्त्यावर राहत होता. त्याला या म्हाताऱ्याच्या चित्रांतली जादू उमगली होती. पण अत्जेने आपले नाव छापू दिले नाही. हे केवळ दस्तऐवज आहेत, यापलीकडे काही नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. मॅन रे पुढे सांगत असे की लहान, हाती धरायचा कॅमेरा वापरायची सूचनाही अत्जेने मानली नाही, कारण त्या यंत्राची गती त्याच्या विचाराच्या गतीपेक्षा अधिक होती. हे वाचताना मी माझ्या मोबाइलमधली ती शंभरावर चित्रे आठवली आणि गप्प बसले.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. वालांतीनचा मुलगा लढाईत मारला गेला. धंदा बसला, हातातले काम जवळजवळ थांबले. अत्जेने आपल्या काचा तळघरात नेऊन ठेवल्या. युद्ध संपले तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. आपल्यामागे या ठेव्याची किंमत न जाणणाऱ्या हातांत तो पडेल, ही काळजी त्याला लागली. १९२० मध्ये त्याने कलाखात्याचे संचालक पॉल लेओं यांना पत्र लिहिले. वीस वर्षांहून अधिक काळ आपण एकट्याने, स्वतःच्या हौसेने हे काम केले आहे आणि जुने पॅरिस सगळे आपल्यापाशी आहे, असा त्या पत्राचा आशय होता. सरकारने २,६२१ काचा १०,००० फ्रँकना विकत घेतल्या. आयुष्यभर स्वतःला धंदेवाईक म्हणवणाऱ्या माणसाच्या पत्रात हौस आहे आणि काळजी आहे, हे मला फार बोलके वाटते.

त्या पैशांनी त्याला थोडी मोकळीक दिली, आणि आश्चर्य असे की त्याची सर्वांत सुंदर मानली जाणारी कितीतरी चित्रे या उतारवयातली आहेत. आता तो ग्राहकासाठी चालत नव्हता. १९२५ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तो पॅरिसच्या दक्षिणेकडील सो या गावच्या उजाड पडलेल्या राजेशाही उद्यानात जाऊ लागला. मार्च ते जून या काळात तो तिथे पुन्हा पुन्हा गेला. चित्रांवर त्याने वेळही नोंदविली आहे, सकाळचे सात, सकाळचे आठ. गवत माजलेले, पुतळ्यांवर शेवाळ, धुके उतरलेले. उद्यानाची लवकरच डागडुजी होणार होती. त्याआधी त्याला ते तसेच पाहून घ्यायचे होते. त्याच वर्षी त्याने गोबलँ रस्त्यावरच्या एका कपड्याच्या दुकानाची काच टिपली. आत कोट घातलेले हसरे पुतळे, आणि काचेवर समोरची इमारत आणि झाडे यांचे प्रतिबिंब. आतले कोणते आणि बाहेरचे कोणते, याचा उलगडा होत नाही. तीस वर्षे दारावरून जाता जाता त्याच्या डोळ्यांना दोन्ही एकदम दिसू लागले होते.

२० जून १९२६ रोजी वालांतीन गेली. चाळीस वर्षांची सोबत संपली. अत्जे खचला. मॅन रेच्या स्टुडिओत साहाय्यक म्हणून काम केलेली बेरेनिस अॅबट ही तरुण अमेरिकन मुलगी त्याच्याकडे येई आणि जमेल तेवढी चित्रे विकत घेई. १९२७ मध्ये तिने त्याला आग्रहाने आपल्या स्टुडिओत नेले आणि त्याची छायाचित्रे काढली. नेहमीच्या ठिगळ लावलेल्या कपड्यांऐवजी तो त्या दिवशी चांगला कोट घालून आला होता. वाकलेले खांदे, थकलेला चेहरा आणि बारीक, जागे डोळे. चित्रे तयार झाल्यावर ती त्याला दाखवायला गेली, तेव्हा तो या जगात नव्हता. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याचे निधन झाले होते.

कथा इथेच संपली असती तर अत्जेचे नाव आज कुणाला ठाऊक नसते. घरात उरलेल्या काचा त्याचा जुना नटमित्र आंद्रे कालमेत याच्या ताब्यात आल्या होत्या. अॅबटने त्याला गाठले, पैशांची जुळवाजुळव केली आणि १९२८ मध्ये हजारावर काचा व हजारो छापील चित्रे विकत घेतली. १९३० मध्ये अत्जेच्या चित्रांचे पहिले पुस्तक निघाले. चाळीस वर्षे तिने तो संग्रह सांभाळला, आणि १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतला. मधल्या काळात ती स्वतःही चालत होती. न्यूयॉर्कला परतल्यावर तिने मोठा कॅमेरा घेऊन त्या बदलत्या शहराची चित्रे काढली, आणि ती १९३९ मध्ये पुस्तकरूपाने आली. एका म्हाताऱ्याचे चालणे एका तरुण मुलीने पुढे नेले.

हे शेवटचे मला विशेष महत्त्वाचे वाटते. कारण पुस्तक वाचून झाल्यावर मी स्वतः चालायला निघाले तेव्हा पहिली अडचण आली ती थांबण्याची. चालणाऱ्या मुलीकडे कुणी पाहत नाही. थांबलेल्या मुलीकडे सारे पाहतात. विनाकारण एखाद्या दारासमोर उभे राहिले की कुणाची वाट पाहतेस, काय हवे आहे, घर चुकलीस का, असे प्रश्न येतात. पहिले काही दिवस मी शरमून पुढे सटकत होते. मग ठरविले की थांबायचे. मोबाइल पिशवीतच ठेवायचा. एका घरावरून तीन दिवस जायचे, चौथ्या दिवशी चित्र काढायचे, आणि तेही एकच. आता लोकांना माझी सवय झाली आहे. एका काकूंनी तर परवा दाराची माळ सरळ करून दिली. सत्तावीस दारे झाली आहेत. त्यात कला किती आहे ते मला ठाऊक नाही. दस्तऐवज आहेत.

जानेवारीत बसस्थानकावर मला ते आजोबा भेटले. मी त्यांना ओळखले नाही, त्यांनीच मला हाक मारली. मी रोज किती वाजता जात असे, कोणत्या पायात चप्पल घासत चालत असे, पहिल्या पावसात माझी छत्री कशी उलटली होती, हे सगळे त्यांच्या लक्षात होते. ते आता शहराबाहेर मुलाच्या सदनिकेत राहतात. लाजत लाजत मी त्यांना ते अर्धे दार दाखविले. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि मैत्रिणीच्या खांद्यामागची कडी बोटाने दाखविली. ती त्यांच्या वडिलांनी बसविली होती. मग उरलेले अर्धे दार त्यांनी मला सांगितले. ते हिरवे होते. तुळयांच्या टोकांना केळफुले होती.

दुसऱ्या दिवशी मी ते चित्र मोठे छापून त्यांना नेऊन दिले. मैत्रिणीचा खांदा काढून टाकू का, असे विचारले होते. त्यांनी नको म्हटले.